बोटांचें शिक्षण

विद्यार्थीमित्रहो, शाळेच्या वार्षिकांत थोरांचीं चरित्रें, प्रवासवर्णनें आणि शास्त्रीय शोध यांविषयींचे लेख आपण नेहमीं वाचतां. आज मी ज्या विषयावर लिहावयास बसलों आहें, तो त्या मानानें अगदींच लहान वाटेल. लहान मुलांचीं बोटें कामाला कशीं लावावीं, एवढाच तो विषय. हायस्कुलांत शिकणाऱ्यांना त्याचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. परंतु तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं तीन, चार किंवा पांच वर्षांचीं भावंडें आहेत, आणि संध्याकाळीं त्यांच्यापुढें पाटी ठेवून "काढ ग!" असें दरडावणारे गुरुजी बहुधा तुम्हीच असतां. म्हणून हा लेख तुमच्यासाठीं, तुमच्या पालकांसाठीं, आणि थोडासा माझ्या स्वतःच्या प्रायश्चित्तासाठींही आहे.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं माझ्याकडे कांहीं काळ पहिलीचा वर्ग होता. त्या वर्गांत एक मुलगा होता. गोष्ट सांगावयास सांगा, ती तो रंगवून सांगे. तोंडी हिशेब विचारा, उत्तर हजर. पण पाटी हातांत दिली कीं त्याचा चेहरा उतरे. त्याचा ‘ग’ कधीं आडवा पडे, तर कधीं त्याचा काना पाटीच्या कडेपर्यंत धांवत जाई. पेन्सिल तो मुठींत धरी आणि ती मोडेपर्यंत दाबी. मीं त्याला आळशी ठरविलें. छडी मीं उगारली नाहीं, हें खरें. परंतु मधल्या सुटींत त्याला वर्गांत बसवून एकच अक्षर पन्नास वेळां काढावयास लावलें. पन्नासावें अक्षर पहिल्यापेक्षां वाईट येई. तेवढ्यावरून माझे डोळे उघडावयास हवे होते. ते उघडले नाहींत.

एके दिवशीं तो सुटींत झाडाखालीं डबा घेऊन बसलेला मला दिसला. डब्याचें झांकण त्याला उघडेना. दोन्ही गुडघ्यांत डबा धरून तो झटत होता, आणि कोणी पाहत तर नाहीं ना म्हणून इकडे तिकडे बघत होता. इतक्यांत त्याच वर्गांतील एका मुलीनें तो डबा घेतला आणि एका पिळासरशीं उघडून दिला. त्या मुलीची आई गजरे करून विकीत असे, आणि शाळेंत येण्यापूर्वीं ती आईजवळ बसून कळ्या ओवीत असे. वर्गांतील सर्वांत रेखीव अक्षर तिचें होतें. मुलाच्या घरीं चौकशी करतां असें कळलें कीं, तो एकुलता एक. त्याचीं बटणें आजी लावी, घांस आई भरवी, दप्तर बाबा भरीत. प्रेमाला तेथें कांहींच कमी नव्हतें. कमी होतें तें बोटांना काम. त्या दोन मुलांच्या बुद्धींत अंतर नव्हतें, अंतर हातांत होतें. मी इतके दिवस शिक्षा करीत होतों ती आळसाला नव्हे, तर ज्याला कोणींच कांहीं शिकविलें नव्हतें अशा हाताला.

त्यानंतर या विषयावर जें वाचलें, आणि वर्गांत करून पाहिलें, त्याचा सारांश येथें देतों.

प्रथम हाताची रचना पाहूं. मनगटापासून बोटांच्या टोंकांपर्यंत आपल्या एका हातांत २७ हाडें असतात. त्यांपैकीं ८ लहान हाडें एकट्या मनगटांत दाटीनें बसविलेलीं आहेत. मूल जन्मास येतें तेव्हां मनगटाचीं हीं हाडें सामान्यतः मऊ कूर्चेचींच असतात. तीं एकामागून एक टणक होत जातात, आणि तें काम पुरें व्हावयास सुमारें दहाबारा वर्षें लागतात. तेव्हां पांच वर्षांच्या मुलाचें मनगट हें आपल्या मनगटाची केवळ लहान प्रत नव्हे. तें अजून घडत असलेलें यंत्र आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, बोटें मिटविणारे व उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. डाव्या हातानें उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवीं बोटें हलवून पहा. स्नायूंची हालचाल तेथें जाणवेल. दोरीसारख्या लांब कंडरांनीं ते बोटांना दुरून ओढतात. बारीक आणि नेमकें काम साधण्यास मात्र त्यांच्या जोडीला तळहातांतील लहान स्नायू लागतात. तिसरी गोष्ट मेंदूची. मेंदूच्या ज्या पट्ट्यांतून शरीराच्या हालचालींना आज्ञा सुटतात, त्यांत हाताच्या वांट्यास आलेली जागा सबंध धडाच्या वांट्यापेक्षां मोठी आहे. कॅनडांतील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनीं आपल्या सहकाऱ्यासह १९३७ सालीं या जागांचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हां ही विषमता सर्वांच्या नजरेस आली.

हें सामर्थ्य मुलाच्या अंगीं एका ठराविक क्रमानें येतें: आधीं खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटीं बोटांचीं टोंकें. सहा महिन्यांचें मूल खुळखुळा सगळ्या पंजानें पकडतें. वर्षाचें होतां होतां तें जमिनीवर सांडलेला कुरमुरा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत धरून उचलतें. तीन वर्षांच्या सुमारास त्याला पाहून वर्तुळ काढतां येऊं लागतें, चारच्या सुमारास अधिकाचें चिन्ह, आणि पांचाच्या आसपास चौकोन व त्रिकोण. पेन्सिल तीन बोटांत धरून केवळ बोटांच्या हालचालीनें चालविणें हें बहुतेक मुलांना साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधतें. कोणाला थोडें आधीं, कोणाला थोडें नंतर. क्रम मात्र सहसा चुकत नाहीं. आतां आपल्या देवनागरी अक्षरांकडे पहा. त्यांत उभी रेघ आहे, आडवी आहे, तिरपी आहे, अर्धवर्तुळ आहे आणि गांठही आहे. ज्या मुलाला अजून तिरपी रेघ ओढतां येत नाहीं, त्याच्याकडून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची अपेक्षा करणें म्हणजे पाया खणण्यापूर्वीं घरावर कौलें चढविण्यासारखें आहे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना मुळींच ठाऊक नव्हती असें नाहीं. जुन्या काळीं पंतोजींच्या शाळेंत मुलाच्या हातीं आरंभींच बोरू व कागद येत नसे. फळीवर धूळ पसरून तिच्यावर अक्षर गिरवावयाचें. चुकलें तर हात फिरवून पुसावयाचें. यालाच धुळाक्षरें म्हणत. धुळींत अक्षर मोठें निघतें, त्यास जोर लावावा लागत नाहीं, आणि चुकीचा डागही मागें राहत नाहीं. पंतोजींच्या छडीची आठवण कोणी काढूं नये. पण त्यांची धूळपाटी खरोखर शहाणपणाची होती.

युरोपांत फ्रेडरिक फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं आपली संस्था काढली आणि तिला पुढें बालोद्यान या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें. लांकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, विणकाम आणि माती यांना त्यांनीं शिक्षणांत मानाचें स्थान दिलें. डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील एका गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या साधनांत लांकडी दट्ट्ये असत, आणि त्या दट्ट्यांना लहानशी मूठ असे. ती तीन बोटांनींच धरावी लागे. म्हणजे दट्ट्या भोंकांत बसवितां बसवितां मुलाच्या नकळत लेखणी धरणारीं बोटें तयार होत. बटणें लावण्याच्या व नाड्या बांधण्याच्या चौकटी आणि खरखरीत कागदाचीं अक्षरेंही त्यांत होतीं. मूल त्या अक्षरांवरून बोट फिरवी, आणि पुढें एके दिवशीं आपण होऊन लिहूं लागे. धूळपाटीचीच ही दूरची बहीण नव्हे काय? माँटेसोरीबाई १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि महायुद्धाचीं वर्षें येथेंच राहून त्यांनीं शेंकडों शिक्षकांना तयार केलें.

त्यांचे विचार गिजुभाई बधेका यांनीं त्यापूर्वींच, १९२० सालीं, भावनगरच्या बालमंदिरांत रुजविले होते. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं हें कार्य महाराष्ट्रांत आणलें. आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें १९४५ सालीं आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनीं बालवाड्या चालविल्या. रोमचीं महाग साधनें खेड्यांत कोठून आणावयाचीं? तेव्हां त्यांनीं बिया, शिंपले, खडे, पानें आणि माती यांनाच साधनें बनविलें. ताराबाईंच्या या कार्यांतून मला जो धडा मिळाला तो हा: बोटांच्या शिक्षणाला पैसा लागत नाहीं, वेळ आणि धीर लागतो.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें पाहूं.

पहिला अभ्यास खांदा आणि मनगट यांचा. कुंचला पाण्यांत बुडवून मुलाला अंगणांतील भिंतीवर मोठमोठ्या रेघा ओढूं द्याव्या. ऊन लागतांच रेघा नाहींशा होतात आणि मूल पुन्हां नव्या उत्साहानें ओढूं लागतें. उभ्या भिंतीवर काम करतांना मनगट आपोआप लेखनास योग्य असें मागें वळतें, हा त्यांत आणखी लाभ. कणकेचा गोळा मळणें, ओलें फडकें पिळणें, चिकणमातीचे बैल करणें, यांनीं पंजाला बळ येतें. आई पोळ्या करीत असतां मूल कणीक मागतें, तेव्हां त्याला हांकलून देऊं नये. तें आपला धडा मागत असतें.

दुसरा अभ्यास चिमटीचा. मटार आणि भुईमुगाच्या शेंगा सोलणें, मिसळलेले वाल आणि चिंचोके निरनिराळ्या वाट्यांत वेगळे करणें, मणी व फुलें ओवणें, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणें, हीं सर्व कामें अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट यांची तालीम आहेत. रांगोळीसारखी दुसरी शाळाच नाहीं. चिमट सैल झाली तर रेघ जाड, घट्ट झाली तर रेघ तुटते. किती दाबावें आणि किती सोडावें हें ती बोटांना न बोलतां शिकविते. आणि ठिपक्यांची रांगोळी तर डोळ्यालाही शिस्त लावते. एक सूचना मात्र विसरूं नये. तीन वर्षांखालील मुलांच्या हातीं मणी, चिंचोके, शेंगदाणे यांसारख्या लहान वस्तू देऊं नयेत, आणि त्याहून मोठ्यांनाही त्या देतांना जवळ कोणी बसलेलें असावें. नाकांत, कानांत किंवा घशांत गेलेला एक दाणा सगळ्या शिक्षणावर पाणी फिरवितो.

तिसरा अभ्यास दोन हातांच्या सहकार्याचा. लिहितांना एक हात लिहितो आणि दुसरा पाटी धरतो. ही जोडी आधींच जमावी लागते. कागदाची होडी करणें, रुमालाची घडी घालणें, बोथट टोंकाच्या कातरीनें जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापणें, स्वतःचीं बटणें लावणें, आणि डब्याचें झांकण उघडणें, हे त्याचे पाठ. दिवाळीचा आकाशकंदील असो किंवा नाताळचा तारा असो, तो बाजारांतून तयार आणण्याऐवजीं घरीं करावयास घ्या आणि खळ लावण्याचें काम धाकट्याकडे द्या. कंदील थोडा वांकडा होईल. हात सरळ होईल.

एवढी तयारी झाली म्हणजे मग अक्षराकडे वळावें. येथेंही घाई नको. प्रथम बोटानें वाळूंत किंवा ताटांत पसरलेल्या रव्यांत, मग खडूनें फरशीवर, नंतर पाटीवर आणि शेवटीं वहींत. खडूचा तुकडा अगदीं आंखूड द्यावा. तो मुठींत मावतच नाहीं, म्हणून मूल तो आपोआप तीन बोटांत धरतें. मूल बसलें असतां त्याचे पाय जमिनीला टेकलेले असावे. पाय लोंबकळत असले तर शरीराचा तोल सांभाळण्यांतच त्याची शक्ति खर्च होते. अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें न शिकवितां आकाराच्या क्रमानें शिकवावीं. आपण सर्वजण ‘ग म भ न’ म्हणत शिकलों, त्याचें मर्म हेंच आहे. या चारही अक्षरांच्या शेवटीं तोच उभा काना आहे. एका अक्षरांत हात बसला कीं दुसऱ्यास मदत होते. एका वेळीं दहा मिनिटें पुरेत. पन्नास थकलेल्या अक्षरांपेक्षां मन लावून काढलेलीं पांच अक्षरें अधिक मोलाचीं. कारण हात थकला म्हणजे तो चुकीचें वळणच पक्कें करीत जातो.

डावखुऱ्या मुलांविषयीं दोन शब्द. सुमारें दहांपैकीं एक मनुष्य डावखुरा असतो. तो दोष नव्हे, वाईट संवय नव्हे, अपशकुन तर नव्हेच नव्हे. त्याचा डावा हात बांधून किंवा त्यावर मारून त्याला उजव्या हातानें लिहावयास लावणें म्हणजे ज्या हाताला येतें त्याला गप्प बसवून ज्याला येत नाहीं त्याला बोलतें करूं पाहणें होय. त्याचा कागद थोडा उजवीकडे कलता ठेवावा आणि त्याला डाव्या बाजूस बसवावें, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशीं त्याचा कोपर भांडणार नाहीं.

हल्लीं लहान मुलांच्या हातीं मोबाईल येतो, आणि दोन वर्षांचें मूल त्यावर बोट सरकवितें तेव्हां घरांतील मंडळींना त्याच्या हुशारीचें मोठें कौतुक वाटतें. त्या यंत्राची निंदा करावयाची माझी इच्छा नाहीं. मोठ्यांना त्याचा उपयोग आहेच. परंतु गुळगुळीत कांचेवर बोट सरकविण्यास धरावें लागत नाहीं, दाबावें लागत नाहीं, पिळावें लागत नाहीं, आणि दुसरा हात तर रिकामाच राहतो. ज्या वेळांत मुलानें शंभर निरनिराळ्या वस्तू हाताळावयाच्या, त्या वेळांत तें एकच वस्तू एकाच बोटानें हाताळीत बसतें. तोटा होतो तो येथें.

कित्येक मुलांना इतकें सर्व करूनही लेखन साधत नाहीं. सहासात वर्षांचें मूल बटण लावूं शकत नसेल, वस्तु वारंवार हातांतून पडत असतील, किंवा लिहितांना त्याचा हात दुखत असेल, तर त्याला रागावूं नये; वैद्यांना दाखवावें आणि डोळेही तपासून घ्यावे. अशा मुलांना क्रमाक्रमानें हाताचे अभ्यास देणारे व्यवसायोपचारतज्ज्ञ आतां मोठ्या शहरांत असतात. शिक्षा हा त्यावर उपाय नाहीं. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांस शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. परंतु कायद्याच्या आधीं शिक्षकाच्या मनानें ती करावयास हवी. सुटी हिरावून घेऊन अक्षर काढावयास लावणें हीही शिक्षाच, हें मी उशिरा शिकलों.

आतां त्या मुलाची गोष्ट पुरी करतों. दुसऱ्या दिवसापासून मीं त्याची सुटी त्याला परत दिली. वर्गाच्या कोपऱ्यांत एका परातींत वाळू ठेवली, एका डब्यांत चिकणमाती ठेवली, आणि रोजचा पहिला अर्धा तास सर्वच मुलांना हाताचें काम दिलें, म्हणजे त्याला एकट्याला वेगळें पडल्यासारखें वाटूं नये. गजरे ओवणाऱ्या मुलीला मीं त्याची जोडीदारीण केली. त्याच्या आजीला भेटून विनंती केली कीं, बटणें त्याची त्याला लावूं द्या, उशीर झाला तरी मी रागावणार नाहीं. पहिले दोन महिने पाटीवर कांहींच फरक दिसला नाहीं, आणि मुख्याध्यापकांनीं मला एकदां बोलावून, आपल्या वर्गांत खेळच फार चालतो, असें सुचविलेंही. वार्षिक परीक्षेच्या सुमारास त्याचा ‘ग’ उभा राहूं लागला. त्याचें अक्षर पुढेंही कधीं सुंदर झालें नाहीं; तसें मी येथें लिहिलें तर तें खोटें होईल. पण तें वाचतां येऊं लागलें, आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, मी जवळ गेलों असतां त्यानें पाटी छातीशीं लपविणें सोडलें.

म्हणून, विद्यार्थीमित्रहो, आज घरीं गेल्यावर आपल्या धाकट्या भावंडासमोर पाटी ठेवण्याआधीं त्याच्या हाताकडे एकदां नीट पहा. त्याला शेंगा सोलावयास घ्या, त्याच्याबरोबर एक होडी करा, त्याचें बटण त्याला लावूं द्या आणि तोंवर दारांत उभें राहून वाट पहा. त्या वाट पाहण्यांत तुमचीं पांच मिनिटें जातील. तीं वांचविण्यासाठीं बटण तुम्हीच लावून टाकलें, तर त्या पांच मिनिटांची किंमत पुढें कोणत्या तरी वर्गांत, पाटी छातीशीं धरून, तें मूल भरीत बसेल.